ॲपल आणि पर्यावरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी एप्रिल महिन्यात, वसुंधरा दिनाच्या आसपास, ॲपल आपला पर्यावरण अहवाल प्रसिद्ध करते. त्यात हिरवीगार छायाचित्रं असतात, मोठमोठे आकडे असतात आणि शेवटच्या पानांवर बारीक अक्षरातल्या टिपा असतात. गेली काही वर्षं हे अहवाल मी टिपांसकट वाचत आले आहे. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक मला प्रश्न विचारतात, आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कंपनीशी माझा काही संबंध नाही.

ॲपलनं उत्सर्जन खरंच कमी केलंय, की ही नुसती जाहिरात आहे?

खरंच कमी केलंय. २०१५ या आर्थिक वर्षात कंपनीचं हरितगृह वायूंचं एकूण उत्सर्जन, कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात, सुमारे ३ कोटी ८४ लाख टन होतं. यात कारखाने, मालवाहतूक, ग्राहकानं चार्जिंगला वापरलेली वीज, असं सगळं धरलेलं आहे. २०२४ मध्ये हा आकडा साधारण दीड कोटी टनांवर आला. म्हणजे ६० टक्क्यांहून जास्त घट. एवढ्या आकाराच्या कंपनीत हे घडणं साधं नाही, आणि 'सगळं थोतांड आहे' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण या आकड्याकडे बघताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली म्हणजे, तुलनेसाठी निवडलेलं २०१५ हे वर्ष आयफोनच्या विक्रीचं तोवरचं सर्वांत मोठं वर्ष होतं. त्या वर्षी २३ कोटींहून जास्त आयफोन विकले गेले. उंच शिखरावरून मोजायला सुरुवात केली की उतार जास्त दिसतो. दुसरी गोष्ट, 'याच काळात आमचं उत्पन्न वाढलं' असं कंपनी अभिमानानं सांगते. ते खरं आहे. मात्र त्या वाढीचा मोठा भाग सेवांचा आहे : ॲप स्टोअर, संगीत, क्लाउड. सेवांचं उत्पन्न २०१५ मध्ये २० अब्ज डॉलरच्या घरात होतं, ते २०२४ मध्ये ९६ अब्जांवर गेलं. गाण्याचं सदस्यत्व विकायला ॲल्युमिनियम लागत नाही. नक्की किती फोन विकले हे सांगणं कंपनीनं २०१८ च्या अखेरीस बंद केलं, त्यामुळे एका फोनमागे किती घट झाली हे बाहेरच्या माणसाला नेमकं काढता येत नाही. हा आकडा पुन्हा जाहीर व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

'ॲपल २०३०' म्हणजे नेमकं काय?

जुलै २०२० मध्ये जाहीर केलेलं उद्दिष्ट. २०३० पर्यंत पुरवठादारांपासून ग्राहकाच्या वापरापर्यंत सगळी साखळी कार्बन न्यूट्रल करायची, म्हणजे जेवढं उत्सर्जन उरेल तेवढ्याची भरपाई करायची. त्यातली ७५ टक्के घट प्रत्यक्ष करायची आणि उरलेले २५ टक्के जंगलं, गवताळ प्रदेश यांतून हवेतला कार्बन शोषून भरून काढायचे. हे ७५-२५ गणित लक्षात असू द्या. पुढे घड्याळाच्या प्रश्नात ते पुन्हा येईल.

स्कोप १, २, ३ हे काय प्रकरण आहे? सगळ्या अहवालांत हेच शब्द असतात.

कंपनीनं स्वतः जाळलेलं इंधन म्हणजे स्कोप १. स्वतःसाठी विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप २. बाकी सगळं स्कोप ३ : दुसऱ्याच्या कारखान्यात तयार होणारी चिप, खाणीतून निघणारा कोबाल्ट, मालवाहू विमान, तुमच्या घरचं चार्जिंग.

इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या बाबतीत हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण ॲपलसारखी कंपनी स्वतः जवळजवळ काहीच बनवत नाही. तिचं बहुतेक सगळं उत्सर्जन स्कोप ३ मध्ये असतं. एखाद्या कंपनीनं 'आमची कार्यालयं कार्बन न्यूट्रल झाली' असं म्हटलं, तर घरात आग लागलेली असताना तिनं उंबरठा धुतला एवढाच त्याचा अर्थ होतो. ॲपलनं २०२० मध्ये कार्यालयांबद्दल ही घोषणा केली, पण त्याच वर्षी पूर्ण साखळीची जबाबदारीही अंगावर घेतली. हे तिच्या बाजूनं नोंदवायला हवं. सॅमसंगनं सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेलं नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, उद्दिष्ट (फोन-टीव्ही विभागासाठी २०३०, अख्ख्या कंपनीसाठी २०५०) स्कोप १ आणि २ पुरतंच होतं.

शंभर टक्के नवीकरणीय वीज म्हणतात. मग रात्री काय करतात?

रात्री ग्रिडमधून, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यातून, येईल ती वीज वापरतात. कोळशाची असेल तर कोळशाची.

ॲपलनं एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केलं की तिची स्वतःची कार्यालयं, दुकानं आणि डेटा सेंटर शंभर टक्के नवीकरणीय विजेवर चालतात. याचा अर्थ असा की वर्षभरात जेवढी वीज वापरली तेवढी सौर, पवन वगैरे वीज कुठेतरी तयार झाली आणि तिच्यावर ॲपलचा करारानं हक्क आहे. हिशेब वर्षाचा आहे, तासाचा नाही. हे फसवं आहे का? पूर्णपणे नाही. ॲपलनं आपल्या विजेचा मोठा भाग नव्या प्रकल्पांत पैसे गुंतवून किंवा दीर्घ मुदतीचे करार करून उभा केला. त्यामुळे खरोखर नवी पॅनेलं लागली. नवीकरणीय विजेची नुसती स्वस्त प्रमाणपत्रं विकत घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तरीही तासागणिक जुळणी हा खरा निकष आहे. गूगलनं २०२० मध्ये तसं उद्दिष्ट ठेवलं. ॲपलनंही त्या दिशेनं यायला हवं.

पुरवठादार ऐकतात का?

ऐकतात, कारण गिऱ्हाईक मोठं आहे. पुरवठादारांसाठीचा वीज कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. आज कंपनीच्या थेट उत्पादनखर्चापैकी ९५ टक्के हिस्सा असलेल्या ३२० हून अधिक पुरवठादारांनी २०३० पर्यंत ॲपलच्या कामासाठी पूर्ण नवीकरणीय वीज वापरण्याचं मान्य केलं आहे, आणि २०२५ च्या अहवालानुसार १७.८ गिगावॉट क्षमता प्रत्यक्ष चालू झाली आहे.

'मान्य केलं' आणि 'झालं' यांत अंतर आहे, आणि 'ॲपलच्या कामासाठी' या दोन शब्दांत तर बरंच काही दडलेलं आहे. एकाच कारखान्यात पाच कंपन्यांचा माल बनतो. त्यातला ॲपलचा हिस्सा हिरवा आणि उरलेला काळा, असं कागदावर करता येतं, धुराड्यावर करता येत नाही. ॲपलच्या चिप बनवणाऱ्या टीएसएमसीनं स्वतःच्या पूर्ण कारभारासाठी शंभर टक्के नवीकरणीय विजेचं वर्ष २०५० वरून २०४० वर आणलं आहे. २०३० आणि २०४० मधली ही दहा वर्षं कशी सांधली जातात, ते बघण्यासारखं ठरेल.

वीज स्वच्छ झाली की चिप स्वच्छ झाली, असं समजायचं का?

नाही. हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण माझ्या मते तो यादीत वरच्या क्रमांकावर हवा.

चिप आणि फोनचे पडदे (स्क्रीन) बनवताना सिलिकॉनवर अतिसूक्ष्म नक्षी कोरावी लागते आणि यंत्रांची आतली पोकळी साफ ठेवावी लागते. त्यासाठी फ्लोरिनयुक्त वायू वापरतात : नायट्रोजन ट्रायफ्लोराइड, सल्फर हेक्झाफ्लोराइड आणि त्यांचे भाऊबंद. हे वायू उष्णता अडवून धरण्यात भयंकर ताकदवान असतात. एक किलो सल्फर हेक्झाफ्लोराइड शंभर वर्षांच्या हिशेबात वीस हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं असतं, आणि हवेत गेलं की शेकडो ते हजारो वर्षं टिकतं. कारखान्याच्या छतावर कितीही सौर पॅनेलं बसवली तरी यात फरक पडत नाही. यावर उपाय म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा वायू जाळून किंवा प्लाझ्मानं फोडून निकामी करायची उपकरणं बसवणं. तंत्र जुनंच आहे, प्रश्न खर्चाचा आणि जागेचा असतो.

ॲपलच्या २६ थेट चिप-पुरवठादारांनी २०३० पर्यंत असे किमान ९० टक्के वायू अडवण्याचं कबूल केलं आहे, आणि पडदे पुरवणाऱ्यांनीही. मला हे पाऊल बॉक्ससाठी प्लास्टिकऐवजी कागद वापरण्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं, पण जाहिरातीत ते दिसणार नाही. अडवलेल्या वायूचं छायाचित्र निघत नाही.

'कार्बन न्यूट्रल घड्याळ' कोर्टानं खोटं ठरवलं, हे खरं का?

जर्मनीत तसं म्हणण्यावर कोर्टानं बंदी घातली. आधी पार्श्वभूमी.

सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलनं घड्याळाची काही मॉडेलं 'आमची पहिली कार्बन न्यूट्रल उत्पादनं' म्हणून विकायला काढली. त्यात खरी सुधारणा होती : रिसायकल केलेलं ॲल्युमिनियम, कारखान्यात स्वच्छ वीज, विमानाऐवजी जहाजानं जास्त वाहतूक. कंपनीच्या हिशेबानं उत्सर्जन तीनचतुर्थांशाहून जास्त उतरलं आणि एका घड्याळामागे ७ ते १२ किलो उरलं. ही उरलेली रक्कम कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे शोषलेल्या किंवा वाचवलेल्या कार्बनची विकतची नोंद, घेऊन शून्य केली.

वाद त्या क्रेडिटचा आहे. त्यातली काही पॅराग्वेमधल्या निलगिरीच्या लागवडीतून आली होती. डॉइचे उमवेल्टहिल्फे ही जर्मन पर्यावरण संस्था कोर्टात गेली. फ्रँकफर्टच्या कोर्टासमोर आलं की लागवडीच्या तीनचतुर्थांश जमिनीचा भाडेकरार २०२९ मध्येच संपतो आणि पुढे तो वाढेल याची हमी नाही. ग्राहक 'न्यूट्रल' हा शब्द वाचतो तेव्हा त्याला २०५० च्या आसपासपर्यंत टिकणारी भरपाई अपेक्षित असते, असं कोर्टानं म्हटलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीत हा दावा करायला मनाई केली. नव्या घड्याळांवरून कंपनीनं ते लेबल काढून टाकलं आहे.

मला हा निकाल योग्य वाटतो. कारखान्यातून आज निघालेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं परिणाम करत राहतो, आणि झाड तर दहा-बारा वर्षांत तोडलं जाऊ शकतं. शिवाय निलगिरीची एकसुरी लागवड म्हणजे जंगल नव्हे. युरोपीय संघाच्या नव्या नियमानुसार २७ सप्टेंबर २०२६ पासून क्रेडिटच्या आधारावर एखादं उत्पादन 'कार्बन न्यूट्रल' म्हणून विकायला तिथे बंदीच येते. म्हणजे 'ॲपल २०३०' मधले ते २५ टक्के आता कोणत्या शब्दांत सांगायचे, हा कंपनीपुढे खरा पेच आहे. मला विचाराल तर सरळ सांगावं : इतकं कमी केलं, इतकं उरलं. लोक समजून घेतील.

बॉक्समधून चार्जर काढला तो पर्यावरणासाठी की पैशासाठी?

दोन्हींसाठी. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ सोबत चार्जर देणं बंद झालं. बॉक्स लहान झाला, माल रचायच्या एका पॅलेटवर (फळीवर) ७० टक्के जास्त बॉक्स मावू लागले, वाहतुकीचं उत्सर्जन घटलं. हे सगळं खरं. पण बॉक्समधली केबल यूएसबी-सी टोकाची होती आणि घरोघरी पडून असलेले बहुतेक जुने चार्जर यूएसबी-ए तोंडाचे. म्हणजे 'तुमच्याकडे आहेच की' हे कारण अनेकांच्या बाबतीत लागू पडत नव्हतं. ब्राझीलच्या न्याय मंत्रालयानं २०२२ मध्ये दंड करून चार्जरविना विक्रीवर बंदी घातली.

खरा तोडगा चार्जर काढण्यात नव्हता, सगळ्यांचं तोंड एकसारखं करण्यात होता. तो युरोपीय संघाच्या कायद्यामुळे आला. ॲपलनं आधी त्याला विरोध केला आणि मग सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ला यूएसबी-सी दिलं.

डेझी नावाचा रोबो फोन सुटे करतो म्हणतात. मग ई-कचऱ्याचा प्रश्न सुटला का?

डेझी सुंदर यंत्र आहे, यात वाद नाही. २०१८ मध्ये ते आलं, तासाला २०० आयफोन सुटे करण्याची त्याची क्षमता. नेहमीच्या पद्धतीत फोन चुरा करून वितळवतात. त्यात तांबं आणि सोनं मिळतं, पण बाकीचे कितीतरी धातू राखेत जातात. डेझी भाग वेगवेगळे काढतं. एक लाख आयफोनमधून सुमारे ७७० किलो कोबाल्ट, ९३ किलो टंगस्टन, ११ किलो दुर्मीळ मृदा धातू आणि जेमतेम १ किलो सोनं निघू शकतं, असं कंपनीनं तेव्हा सांगितलं होतं.

आता प्रमाण बघा. एक डेझी वर्षाला जास्तीत जास्त १२ लाख फोन हाताळतं, आणि आयफोन वर्षाला वीस कोटींच्या आगेमागे विकले जातात. पण अडचण रोबोंच्या संख्येची नाहीच, फोन परत येत नाहीत ही आहे. ते कपाटाच्या खणात पडून राहतात. जगभरात २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. २०३० पर्यंत हा कचरा ८ कोटी २० लाख टनांवर जाईल असा अंदाज आहे. चक्कीला धान्यच आलं नाही तर ती कितीही चांगली असून काय उपयोग?

नव्या फोनमधलं 'शंभर टक्के रिसायकल केलेलं कोबाल्ट' आपल्या जुन्या फोनमधूनच येतं ना?

बहुतेक वेळा नाही. रिसायकल केलेला माल वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो : इतर उद्योगांतल्या जुन्या बॅटऱ्या, कारखान्यातली कात्रणं आणि टाकाऊ, आणि काही प्रमाणात परत आलेली उपकरणं. ॲल्युमिनियमच्या आवरणाचा विचार केला तर त्यात यंत्रावर कापताना उडालेल्या छिलक्यांचा वाटा असतो. कोबाल्टचा हिशेब तर 'मास बॅलन्स' पद्धतीनं होतो, म्हणजे नवा-जुना माल एकत्र वितळतो आणि जेवढं जुनं आत गेलं तेवढं जुनं बाहेर आलं असं धरलं जातं.

यात लबाडी नाही. खाणीतून नव्यानं तेवढा माल काढावा लागला नाही, हा फायदा खराच आहे. रिसायकल केलेल्या ॲल्युमिनियमला नव्या धातूच्या तुलनेत वीसेक पटीनं कमी ऊर्जा लागते. ॲपलची या बाबतीतली वाटचाल मला मनापासून आवडते, कारण ती एकेक धातू घेऊन झाली आहे : २०१८ मध्ये मॅकबुक एअरचं ॲल्युमिनियम, २०१९ मध्ये आयफोन ११ च्या कंपन देणाऱ्या मोटरमधले दुर्मीळ मृदा धातू, २०२० मध्ये आयफोन १२ मधले सगळे चुंबक, २०२१ मध्ये आयफोन १३ च्या मुख्य सर्किटवरचा सोन्याचा मुलामा, २०२३ मध्ये आयफोन १५ च्या बॅटरीतलं कोबाल्ट. मात्र 'जुन्यातून नवं' असं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं तेवढं चक्र अजून पूर्ण झालेलं नाही.

विषारी रसायनांचं काय?

इथे कंपनीचा इतिहास थोडा सविस्तर सांगते, कारण बाकी सगळ्याची सुरुवात इथूनच झाली.

२००६ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेनं इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांना गुण द्यायला सुरुवात केली तेव्हा ॲपल खालच्या पायऱ्यांवर होती. ग्रीनपीसनं ॲपलच्याच चाहत्यांना हाताशी धरून मोहीम काढली. मे २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहिलं. पीव्हीसी हे प्लास्टिक, ब्रोमिनयुक्त अग्निरोधक, काचेतलं आर्सेनिक, दिव्यांतला पारा, हे कधीपर्यंत काढणार याच्या तारखा त्यात होत्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत यातलं बरंचसं प्रत्यक्षात उतरलं. पीव्हीसी आणि ब्रोमिनचा धोका विशेषतः उघड्यावर केबल जाळून तांबं काढणाऱ्या माणसाला असतो. त्या धुरात डायॉक्सिन ही अत्यंत विषारी रसायनं असतात.

पण वस्तूतलं विष आणि वस्तू बनवतानाचं विष, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चीनमधल्या सूझोऊ इथे विनटेक या पुरवठादाराच्या कारखान्यात टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरलं जात होतं, कारण ते लवकर उडतं आणि काम भराभर होतं. १३७ कामगारांच्या मज्जातंतूंवर परिणाम झाला. हातापायांतली ताकद गेली. ॲपलनं २०११ च्या अहवालात ही घटना मान्य केली. त्याच वर्षी मा जुन यांच्या संस्थेनं, म्हणजे चीनमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अँड एन्व्हायर्नमेंटल अफेअर्सनं, इतर चिनी संस्थांसोबत पुरवठादारांच्या प्रदूषणावर दोन कडक अहवाल काढले. सुरुवातीला कंपनी गप्प होती, मग बोलू लागली. ऑगस्ट २०१४ मध्ये अंतिम जुळणीच्या कामात बेंझीन आणि एन-हेक्झेनवर बंदी आली. नंतरच्या काळात त्याच चिनी संस्थेच्या क्रमवारीत ॲपल वर चढली.

त्या १३७ जणांची आठवण मी मुद्दाम ठेवते. 'पर्यावरण' या शब्दात कारखान्यातली हवाही येते.

म्हणजे कंपनी स्वतःहून काहीच करत नाही?

असं म्हणणं अन्यायाचं होईल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख राहिलेल्या लिसा जॅक्सन २०१३ मध्ये ॲपलमध्ये आल्या आणि त्यानंतर कामाला वेग आला, हे दिसतं. कायद्यानं न सांगता पुरवठादारांची वीज बदलायला घेणं हे त्यांच्याच काळातलं.

पण नाक दाबलं की तोंड उघडतं, हेही तितकंच खरं. रसायनांच्या वेळी ग्रीनपीस होती, पुरवठादारांच्या वेळी चिनी संस्था, चार्जिंगच्या वेळी युरोपीय संघ. जुलै २०१२ मध्ये ॲपलनं हरित संगणकांच्या ईपीट या नोंदणीतून आपली उत्पादनं काढून घेतली. ग्राहकांनी गहजब केला आणि काही दिवसांतच कंपनीनं चूक मान्य करून ती परत नोंदवली. म्हणून 'आपण विचारून काय होणार' असं कुणी म्हणालं की मला या घटना सांगाव्याशा वाटतात.

दुरुस्तीबद्दल एवढी ओरड का असते?

कारण कंपनीच्या अहवालातला सगळ्यात कच्चा दुवा तोच आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं कबूल केलं की बॅटरी जुनी झालेले आयफोन सॉफ्टवेअरनं संथ केले जात होते. अचानक बंद पडू नयेत म्हणून, असं कारण दिलं. कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं होतं, पण ग्राहकाला सांगितलंच नव्हतं. कित्येकांनी स्वस्तातली बॅटरी बदलण्याऐवजी नवा फोन घेतला असणार. इटलीत २०१८ मध्ये १ कोटी युरो, फ्रान्समध्ये २०२० मध्ये अडीच कोटी युरो दंड झाला.

त्यानंतर हळूहळू दार उघडलं. २०२२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांना सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मिळू लागल्या. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुरुस्तीच्या कायद्याला ॲपलनं पाठिंबा दिला. तरी 'पार्ट्स पेअरिंग'चा काटा राहिलाच. यात प्रत्येक भाग त्या विशिष्ट फोनशी सॉफ्टवेअरनं बांधलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या फोनमधला अस्सल पडदा काढून लावला तरी काही सोयी बंद पडतात. ओरेगॉन राज्यानं २०२४ मध्ये याला मनाई करणारा कायदा केला, तेव्हा ॲपलनं विरोध केला. आणि थोड्याच दिवसांत वापरलेले अस्सल भाग चालू देण्याची घोषणाही केली.

युरोपात २० जून २०२५ पासून फोनसाठी नवे नियम लागू आहेत : ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता हवी, विक्री थांबल्यावर ७ वर्षं सुटे भाग मिळायला हवेत, किमान ५ वर्षं सॉफ्टवेअर अपडेट हवेत. आयफोन १५ पासूनच्या बॅटऱ्या हजार वेळा चार्ज होऊनही ८० टक्के टिकतील असं कंपनी सांगते. चांगलं आहे. फक्त हे जाणून असा की ज्या पाणरोधक फोनची बॅटरी हजार चार्जनंतर ८० टक्के टिकते, त्याला या नियमांत घरच्या घरी बॅटरी बदलता येण्याच्या अटीतून सूट मिळते.

फोन जास्त वर्षं वापरला तर खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि गणित सोपं आहे. ॲपलच्या हिशेबानं १२८ जीबीच्या आयफोन १३ चं आयुष्यभराचं उत्सर्जन ६४ किलो. त्यातलं साधारण ८० टक्के, म्हणजे ५१ किलो, तुम्ही बॉक्स उघडण्याआधीच झालेलं असतं. दोन वर्षांत फोन बदलला तर वर्षाला २५ किलोंहून जास्त. पाच वर्षं वापरला तर १० किलो. चार्जिंगला लागणारी वीज या तुलनेत किरकोळ. कंपनीला एका मॉडेलमध्ये दहा टक्के घट करायला अनेक कारखाने बदलावे लागतात. तुम्ही फक्त थांबलात तरी त्याहून मोठी घट होते.

यात ॲपलची जमेची बाजू मोठी आहे. २०१५ च्या आयफोन ६एस ला २०२१ चं आयओएस १५ (फोनचं मुख्य सॉफ्टवेअर) सुद्धा मिळालं. त्या काळी दुसरं कुणी एवढं देत नव्हतं. आता गूगल आणि सॅमसंगनं आपल्या वरच्या फोनना ७ वर्षांचं लेखी वचन दिलंय, आणि ॲपलचं लेखी वचन मात्र 'किमान ५ वर्षं' एवढंच आहे, प्रत्यक्षात जास्त देत असली तरी. हे लिहून द्यायला काय हरकत आहे, ते मला कळत नाही.

याहून चांगली कंपनी आहे का?

दुरुस्तीत आहे : नेदरलँड्सची फेअरफोन. बॅटरी हातानं निघते, पडदा एका स्क्रूड्रायव्हरनं बदलता येतो, फेअरफोन ५ ला ८ वर्षांचा आधार आहे. पण ती वर्षाला लाखभर फोन विकते, त्यामुळे चिपच्या कारखान्याला अटी घालण्याइतकी ताकद तिच्यात नाही. ती ताकद ॲपलकडे आहे.

अहवाल स्वतः वाचायचा असेल तर कुठून सुरुवात करू?

मागून. आधी उत्सर्जनाचा वर्षवार तक्ता बघा आणि त्यातला क्रेडिट वजा करण्यापूर्वीचा आकडा शोधा. मग टिपा वाचा : मोजण्याची पद्धत या वर्षी बदलली का, बदलली असेल तर जुने आकडे नव्यानं काढले का. शेवटी तपासणी करणाऱ्या संस्थेचं पत्र बघा. तिथे 'मर्यादित हमी' असे शब्द दिसतील. याचा अर्थ, तपासणीत गैर काही आढळलं नाही एवढंच. ताळेबंदाच्या लेखापरीक्षणाइतकी ती सखोल नसते.

जुना फोन परत द्यायचाय. काय काळजी घ्यावी?

चालू स्थितीतला असेल तर रिसायकलिंगला देऊ नका. विका किंवा कुणाला वापरायला द्या. देण्याआधी बॅकअप घ्या, मग सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या खात्यातून साइन आउट करा, 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधण्याची सोय) बंद करा आणि सगळा मजकूर पुसा. हे साइन आउट फार लोक विसरतात. चोरीला आळा बसावा म्हणून फोन मूळ मालकाच्या खात्याला कुलूपबंद राहतो, आणि ते कुलूप उघडता आलं नाही तर दुरुस्तीवाला पूर्ण चांगला फोनही पुन्हा विकू शकत नाही, तो सरळ भंगारात जातो. बॅटरी फुगलेली असेल तर फोन चार्ज करू नका, दाबू नका, साध्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नका. गोळा करणाऱ्या केंद्राला आधी तसं सांगा, म्हणजे ते तो वेगळा ठेवतील.